कोळ्यांची सोयरीक

ती नोटीस मी लिहिली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या कॉलेजात अजून सांगतात की प्राणिशास्त्राच्या मॅडमनी जातीवाचक नोटीस लावली आणि म्हणून त्यांना जावं लागलं. नव्यानं लागलेल्या मुलांना चहाबरोबर ही गोष्ट ऐकवली जाते, आणि मी त्याच टेबलाशी बसून बशीत चहा ओतत असतो. मान हलवत नाही, पण नाहीही म्हणत नाही.

आता म्हणतो. पण आधी मॅडम कशा होत्या ते सांगू द्या. त्या एका नोटिशीखाली त्यांचं बाकी सगळं गाडलं गेलं आहे, आणि ते गाडणाऱ्यांत मी पहिला.

मॅडम विक्षिप्त होत्या असं सगळे म्हणतात. होत्या. कुणाचं काय गेलं? त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, नादकाटा असे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून कधीतरी मागून आणलेला, परत न केलेला. तिकडचे लोक मागायला आले की म्हणत, "तुमच्याकडे तो कपाटात मुका पडला होता. माझ्याकडे बोलतो." खरंच बोलायचा. गुडघ्यावर आपटून त्या तो जाळ्याच्या धाग्याला हलकेच टेकवत, आणि मधोमध पालथी बसलेली कोळ्याची मादी झटकन वळून काट्याकडे धावत येई. माशी समजून. मग मॅडम खरी माशी देत. "फसवलं तर भरपाई द्यावी," असं त्यांचं म्हणणं. स्टाफ मीटिंगमध्ये एखाद्याचं भाषण लांबलं की त्या तोच काटा कोपरावर आपटून कानाशी धरून बसत. एकदा खुद्द संस्थेचे सेक्रेटरी बोलत असताना धरला. ते थांबले. मॅडम म्हणाल्या, "चालू द्या, मी माशी आहे का पाहत होते."

सेक्रेटरी ते विसरले नाहीत. विसरायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी हसतो.

मी मराठीचा. त्यामुळे मॅडम मला "मराठी" म्हणत. "काय मराठी, चहा?" आमची ओळख एका शब्दावरून झाली. कोळ्याच्या नराचं मादीपुढचं जे काही चालतं त्याला चांगला मराठी शब्द कोणता, असं विचारत त्या स्टाफरूममध्ये आल्या. मी म्हणालो, प्रणयाराधन. त्यांनी तोंड वाकडं केलं. "फार केस मोकळे सोडलेला शब्द आहे. तुम्ही या, बघा, मग सांगा."

गेलो. इमारतीच्या मागच्या टोकाला त्यांची खोली होती. भिंतीला लावलेल्या लाकडी चौकटी, पुढे काच, मागे मच्छरदाणीचं कापड. प्रत्येक चौकटीत एक जाळं आणि जाळ्यात पांढऱ्या रेशमाची फुली घालून बसलेली मादी, बोटाच्या पेराएवढी, पोटावर काळे-पिवळे पट्टे. खान्देशात ज्यानं बांधावरून वाट काढली आहे त्याच्या तोंडाला हे जाळं एकदा तरी लागलेलं असतं. माद्यांना नद्यांची नावं होती. गिरणा, वाघूर, तापी, पांझरा. नरांना नाव नाही. "पाहुण्यांना कशाला नाव? जेवून जातात, नाहीतर जेवले जातात."

नर म्हणजे चिलटाएवढा. तो जाळ्याच्या कडेला आला, एक स्वतंत्र धागा बांधला आणि त्यावर तुणतुण्यासारखं वाजवू लागला. ऐकू काही येत नव्हतं, पण मॅडम टेबलावर बोटानं तीच लय धरत होत्या. वाजवणं, थांबणं, वाजवणं. तिकडे मादी हलत नव्हती. "तो काय सांगतोय?" मी विचारलं. "मी माशी नाही, एवढंच. बाकी सगळं नंतर."

मी म्हणालो, "मग याला मनधरणी म्हणा."

मॅडमनी मान डोलावली. माझा शब्द कुणी इतक्या मनापासून घेतल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्यांचा प्रश्न एकच होता आणि तो वर्षानुवर्षं तसाच होता. या कोळ्यांच्या दोन अगदी जवळच्या प्रजाती त्यांनी निवडल्या होत्या. एक असोद्याकडच्या केळीबागांच्या बांधावरची, दुसरी साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातली. पट्ट्यांत थोडा फरक, तोही मॅडमनाच दिसे. एकीच्या नराला दुसरीच्या जाळ्यावर सोडला तर काय होतं? तो ओळखतो की नाही? ती ओळखते का? ओळखूनही घेते का? आणि घेतलं तर अंड्यांतून पिल्लं निघतात का? "नर बावळट असतो," त्या म्हणत. "जाळं दिसलं की आपलंच समजतो. ठरवते ती. आणि तिला आडनाव सांगून चालत नाही, वाजवून दाखवावं लागतं."

हिवाळ्यात आमच्या स्टाफची भरीत पार्टी असोद्याला एका आबांच्या शेतात होत असे. तुरकाट्यांवर वांगी भाजली जात, कळण्याच्या भाकरी येत, सगळे धुरात डोळे चोळत बसत, आणि मॅडम बांधावर गायब. एकदा आबा स्वतः त्यांना शोधत गेले. मी मागे होतो.

"काय हुडकून राह्यल्या मॅडम? भरीत थंड होऊन राह्यलं."

"नवरदेव बघतेय, आबा."

"आमच्या केयीत?"

"बांधावर. मुलगी साक्रीची आहे."

आबांनी टोपी मागे सारली. मुद्रा गंभीर. "साक्रीची? आपल्यातली हाये का?"

"तेच तर बघायचंय," मॅडम म्हणाल्या आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत चिलटाएवढा एक नर अलगद सोडला. आबांनी बरणी डोळ्याशी धरली. "ह्यो? ह्यो तर अंगानं लई बारीक हाये. पोरगी देतीन का याले?"

"देत नाहीत, आबा. खातात."

आबांनी बरणी परत दिली. मग म्हणाले, "आमच्याकडेबी तसंच हाये," आणि दोघं भरताकडे निघाले.

मॅडमना कुणी त्यांची स्वतःची जात विचारली तरी त्या अशाच सरळ उत्तर देत. नव्या हेडक्लार्कनं एकदा आडून आडून विचारलं, "मॅडम, तुमचं मूळचं कुठलं? म्हणजे तुमच्यात कसं असतं?" मॅडम म्हणाल्या, "आमच्यात बायका मोठ्या आणि पुरुष बारके असतात." तो परत विचारायला आला नाही.

तर, त्या हिवाळ्यात ते घडलं. असोद्याच्या नराला पांझरानं घेतलं. पांझरा म्हणजे साक्रीची. मी तेव्हा खोलीत होतो. आधीचे कितीतरी नर तिनं एकतर हाकलले होते नाहीतर गुंडाळून टांगले होते. याचं वाजवणं मॅडमना वेगळं वाटलं. "अडखळतोय बघा. याची लय तिची नाही, पण हा शिकतोय." मी विज्ञानाचा माणूस नाही, तो शिकत होता की मॅडमना तसं हवं होतं, सांगता येणार नाही. पण पांझरा सावकाश वळली आणि जाळ्यातून खाली लोंबत त्याच्या धाग्यावर आली. बाहेर तास झाल्याची घंटा वाजली. मॅडमचा तास होता. त्या गेल्या नाहीत. नर एक पाय गमावून निसटला, आणि मॅडम खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, आणि पदरानं काच पुसायला लागल्या. चष्म्याची नव्हे, चौकटीची.

काही दिवसांनी पांझरानं चौकटीच्या कोपऱ्यात अंड्यांची पिशवी टांगली. कागदी पुडीसारखी, खाकी. आता फक्त थांबायचं होतं. थंडीत वेळ लागतो, त्या म्हणाल्या. पिल्लं निघाली तर एक उत्तर, नाही निघाली तर दुसरं. "मला दोन्ही चालतील. मात्र उत्तर हवं. एवढी वर्षं मी प्रश्नच पाळलाय."

विज्ञान मंडळाचं व्याख्यान होतं, ते त्यांनी याच विषयावर द्यायचं ठरवलं. नोटिशीचा मजकूर मला दिला: 'कोळ्यांच्या दोन निकटच्या प्रजातींमधील मनधरणी व मीलन'. माझा शब्द त्यात होता. म्हणाल्या, "भाषा बघा, पण 'प्रजाती' ठेवा हं." मी बरं म्हणालो.

आणि ठेवला नाही. मला वाटलं, या शीर्षकाला चार पोरं येतील. मला हॉल भरलेला हवा होता, मॅडमसाठीच, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आपल्या लेखणीनं हॉल भरला असं मला म्हणायचं होतं. संगणकावर टाइप करून मी छापून आणलं: 'कोळ्यांची परजातीत सोयरीक! ती कशी जमते? जमली तर पुढे काय?' खाली 'प्राणिशास्त्र विभाग'. मला त्यात कोळी म्हणजे फक्त आठ पायांचा दिसला. मराठी शिकवतो मी. ज्या भागात कोळी समाजाची गावंच्या गावं आहेत, वर्गात त्यांची मुलं समोर बसतात, तिथे मला दुसरा अर्थ दिसला नाही.

दुपारपर्यंत नोटिशीचा फोटो फोनाफोनांवर फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी समाजाची काही मंडळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये आली. तीन-चार तरुण आणि त्यांच्याबरोबर साक्रीकडचे एक नाना, एसटीतून निवृत्त झालेले. सेक्रेटरी आधीच येऊन बसले होते. मॅडमना बोलावलं, आणि 'भाषेचा प्रश्न आहे' म्हणून मलाही.

एक तरुण उभ्यानंच बोलला. "आम्हनी जात काय प्रयोगले शे का, मॅडम? आमच्या सोयरिकी तुम्ही ठरवणार?"

"थांब रे भाऊ," नाना म्हणाले. "बाईले बोलू दे."

मॅडमनी नोटीस हातात घेतली. त्यांनी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली; आदल्या दिवसभर त्या अंड्यांच्या पिशवीपाशी होत्या. वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही. मग नानांना म्हणाल्या, "हे जाळं विणतो त्या कोळ्याबद्दल आहे. पण वाचणाऱ्याला दुसरं वाटणार, हे तुमचं बरोबर आहे. शब्द चुकला. त्याबद्दल मी तुमची माफी मागते, आत्ता, तोंडावर."

नाना म्हणाले, "मग किडा असं लिहायचं होतं."

"किडा नाही तो. किडे खातो."

नानांना हसू आलं. ते दाबायला त्यांनी मिशीवर हात ठेवला. "मंग संपनं ना?" ते पोरांकडे वळून म्हणाले. पोरं धुमसत होती, पण नानांपुढे बोलली नाहीत. प्रश्न खरं तर तिथेच संपला होता. ज्यांना दुखलं होतं त्यांनी संपवला होता.

सेक्रेटरींनी संपू दिला नाही. त्या मागच्या खोलीवर त्यांचा जुना डोळा होता. तिथे त्यांना संगणक केंद्र काढायचं होतं. ते म्हणाले, असं तोंडी चालणार नाही. मॅडमनी लेखी द्यावं की हा विषयच अनुचित होता आणि हे काम त्या बंद करत आहेत. मग माझ्याकडे वळले. माझं कायम होण्याचं प्रकरण त्यांच्याच सहीसाठी थांबलं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. "सर, तुम्ही मराठीचे. ही नोटीस तुम्हाला दाखवली होती का?"

मी म्हणालो, "नाही. मला दाखवली नव्हती."

आवाज अजिबात कापला नाही. त्याचं मला आजही नवल वाटतं.

मॅडम म्हणाल्या, "सर म्हणतात ते बरोबर. मराठीच्या माणसाला दाखवायला हवी होती." आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "शब्द चुकला, ते सांगून झालं. विषय चुकला असं मी लिहून देणार नाही. मी जे पाहिलं ते पाहिलं. ते अनुचित असेल तर त्या पांझराला नोटीस द्या."

"कोण पांझरा?"

"नदी आहे," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यामागे गेलो. काय बोलणार होतो ते मला माहीत नाही. त्यांनीच तोंड उघडलं. "मराठी, मी आठवडाभर धुळ्याला जाते, भावाकडे. इथे राहिले तर कुणाला तरी काटा फेकून मारीन. पिशवीवर रोज पाणी शिंपडायचं, धुक्याइतकंच." आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी निदान रागावलो असतो.

मी पाणी शिंपडलं. अगदी धुक्याइतकं. पांझरा जाळ्यात बसून असे, पिशवी कोपऱ्यात.

मग एका सकाळी सेक्रेटरींचा माणूस स्टाफरूमच्या दारात आला. "सर, साहेबांनी मागच्या खोलीची किल्ली मागितली. साफसफाई करायची आहे म्हणे." साफसफाई म्हणजे काय ते मला कळलं. मी एवढं म्हणू शकलो असतो की किल्ली मॅडमकडे आहे. खोटं बोलायची सवय तर झालीच होती. एकदा चांगल्या कामासाठी बोललो असतो. मी खिशात हात घातला आणि किल्ली दिली.

शिपायांनी चौकटी मागच्या अंगणात नेऊन उपड्या केल्या. खराट्यानं जाळी काढली. मी व्हरांड्यातून पाहिलं. माद्या पळाल्या की चिरडल्या, लांबून दिसलं नाही. पिशवी पाचोळ्याबरोबर पेटवलेल्या ढिगात गेली, ते दिसलं.

मॅडम परत आल्या, दाराला कुलूप नसलेली रिकामी खोली पाहिली, मला किल्लीचं काही न विचारता राजीनामा लिहिला. त्यात एकच ओळ होती: माझं काम अर्धवट राहिलं आहे, ते मी दुसरीकडे पूर्ण करते. निरोप समारंभ झाला नाही. नादकाटा त्या घेऊन गेल्या. भौतिकशास्त्रवाल्यांनीही मागितला नाही. मी पुढच्या महिन्यात कायम झालो. घरी पेढे वाटले.

मी त्यांना भेटायला धुळ्याला गेलो तो बऱ्याच उशिरानं, मागच्या वर्षी. देवपुरात भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्या राहतात. गॅलरीत चौकटी. गुडघे गेले आहेत, बांधावर जाता येत नाही. मी बसलो होतो तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि नाना आले. तेच, केबिनमधले, साक्रीकडचे. हातात भोकं पाडलेली बरणी, आत मॅडमसाठी आणलेली मादी.

"अक्का, सून लई उनू तुम्हनी. डोंगरनी शे, तापट शे."

"तापटच हवी," मॅडम म्हणाल्या. "गरीब सुनांनी माझं काही होत नाही."

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "कोळीनं काम कोळीलेच समजस, सर. तुम्ही बठ्ठा शिकेल लोके नुसता नोटिसा लावतस." मला ओळखून म्हणाले की सहज, कळलं नाही. मॅडम हसल्या. मीही हसलो.

नाना गेल्यावर मॅडम काचेशी वाकून नव्या मादीला न्याहाळत राहिल्या. म्हणाल्या, असोद्याच्या आबांचा मुलगा नर पाठवतो. एकदा मीलन झालं, पण अंडी वाळली. त्यांच्याच चुकीनं की मुळातच, ते सांगता येत नाही. पुन्हा करणार. मी न राहवून विचारलं, मॅडम, थकवा येत नाही का? "त्यांनी माझी पिशवी जाळली," त्या म्हणाल्या, "प्रश्न कुठे जाळला?" मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता: "नोटिशीचं मनात ठेवू नका, मराठी. माणूस घाबरतो. मी ते तिथेच सोडलं. पण ज्यानं कुलूप तोडलं ना, त्याला मी सोडणार नाही. पिशवीला फक्त थोडे दिवस हवे होते."

मी तोंड उघडलं. मग चहाचा कप उचलला.

बसमध्ये मी स्वतःला खूप काही सांगितलं. त्यांचं वय, त्यांचे गुडघे, आता सांगून काय उपयोग. त्यातलं काहीही खरं नव्हतं. त्या बाईंना काहीही सांगितलं तरी पेलतं, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. पेलत नाही ते मला.

कॉलेजातल्या त्या टेबलाशी बसून, गोष्ट सुरू झाली की मध्येच थांबवून, 'नोटीस माझी होती' असं मी आता म्हणणार आहे. ते जमेल असं वाटतं. तिथली माणसं माझी काही लागत नाहीत.

पण मॅडमना अजून वाटतं की कुलूप तोडलं. कुलूप कुणी तोडलं नाही. किल्ली मी दिली. धुळ्याला जाऊन, तो जिना चढून, त्यांच्यासमोर उभं राहून एवढं एक वाक्य मला बोलायचं आहे. ते अजून बोललेलो नाही.